फायरफॉक्स उघडताक्षणी बंद पडतंय. फॉरमॅट करायचं नाही, मदत हवी

अंबानगरी | सोमवार, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पोरांचे प्रवेश अर्ज अशी कामं असतात. तीन-चार वर्षांपासून आसपासच्या गुत्तेदारांची ई-टेंडरंही मीच भरून देते.

शनिवारी संध्याकाळपासून मेन कॉम्प्युटरवरचं फायरफॉक्स उघडंना गेलंय. डबल क्लिक केलं की पांढरी चौकट येते, आत काही दिसायच्या आधीच गायब होते आणि मोझिलाची क्रॅश रिपोर्टरची खिडकी समोर येते. 'रीस्टार्ट' दाबलं की परत तेच.

कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे, ८ जीबी रॅम. शनिवारी दुपारी वारं सुटलं होतं, लाइट दोनदा गेली, आणि इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असल्यामुळे दुसऱ्या वेळी कॉम्प्युटर चालू असतानाच धाडकन बंद झाला. मला वाटतंय त्यातच काहीतरी बिघडलं. आतापर्यंत तीन-चारदा रीस्टार्ट केलं, फायरफॉक्स काढून दोनदा नव्याने टाकलं, अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन रात्रभर लावला. काही निघालं नाही. क्रोम व्यवस्थित उघडतंय.

शेजारचे दुकानदार म्हणतात फॉरमॅट मारा, दोन तासांत मोकळे व्हाल. पण नऊ वर्षांचे बुकमार्क आणि पासवर्ड त्या फायरफॉक्समध्ये आहेत. त्यात लोकांच्या अर्जांचे लॉगिन आहेत, ते गेले तर मी कुणाकुणाला फोन करत बसू? आणि एका टेंडरची मुदत बुधवारी संध्याकाळी संपतेय. कृपया मार्ग सांगा.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी १०.३१

ताई, शिफ्टचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून फायरफॉक्सवर डबल क्लिक करा. ट्रबलशूट मोडमध्ये उघडू का असं विचारेल. त्यात उघडलं तर समजायचं की एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, त्रास देतंय. नांदेडला हॉस्टेलवर माझ्या लॅपटॉपला अगदी असंच झालं होतं, व्हिडिओ डाउनलोड करायचं एक एक्स्टेन्शन काढलं आणि सुटलो.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी १०.४८

थांबा ताई, काहीही करायच्या आधी प्रोफाइलची कॉपी काढा. लातूरला माझी टॅक्सची प्रॅक्टिस आहे, ऑफिसात पाच कॉम्प्युटर आहेत, हे दुखणं मी जवळून पाहिलंय.

तुम्ही फायरफॉक्स दोनदा काढून टाकलंत तरी फरक पडला नाही, याचं कारण असं की फायरफॉक्स दोन जागी राहतं. प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये असतो आणि तुमचं सगळं सामान, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग, एक्स्टेन्शन, हे प्रोफाइल नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये असतं. अनइन्स्टॉल केलं की प्रोग्रॅम जातो, प्रोफाइलला हात लागत नाही. घर नवं बांधलं पण सामान जुनंच आत ठेवलं, असं झालं. ढेकूण सामानात असेल तर नव्या घरातही तो येणारच. तुमचे पासवर्ड अजून शाबूत आहेत तेही याच कारणाने, म्हणून घाबरू नका.

कॉपी अशी काढा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. जी छोटी चौकट येईल तिच्यात टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर मारा. आत मोझिला, त्याच्या आत फायरफॉक्स, त्याच्या आत प्रोफाइल्स. तिथे अगम्य अक्षरांनी सुरू होणारी एक-दोन फोल्डर दिसतील. ती सगळी उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. त्याआधी टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्स मागे चालू नाही ना ते बघा, नाहीतर अर्धवट फायली कॉपी होतात.

त्या फोल्डरमध्ये 'प्लेसेस' नावाच्या फाइलमध्ये बुकमार्क आणि हिस्ट्री असते. पासवर्ड 'लॉगिन्स' नावाच्या फाइलमध्ये असतात, पण त्यांची किल्ली 'की-४' नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही सोबत हव्यात. नुसती लॉगिन्सची फाइल जपून ठेवली आणि किल्ली हरवली, तर कुलूपबंद पेटी घेऊन बसल्यासारखं होतं. आमच्याकडे एका मुलाने असंच केलं होतं, काही परत मिळालं नाही.

आणि शिफ्ट धरून उघडताना जी चौकट येते तिच्यात 'ओपन' आणि 'रिफ्रेश' अशी दोन बटणं असतात. रिफ्रेश दाबू नका. त्यात बुकमार्क-पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन आणि बऱ्याच सेटिंग जातात, आणि मुळात काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

अंबानगरी | सोमवार, दुपारी १२.०५

दादा, मनापासून आभार. 'सामान वेगळं असतं' हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. कॉपी काढली, दोन पेन ड्राइव्हवर ठेवली.

शिफ्ट धरून उघडलं आणि उघडलं! सगळे बुकमार्क जागच्या जागी दिसले, जिवात जीव आला. एक्स्टेन्शन दोनच होती, एक जाहिराती अडवणारं आणि एक मराठी टायपिंगचं. दोन्ही बंद करून नेहमीसारखं उघडलं, तर परत क्रॅश. मग दोन्ही काढूनच टाकली. तरीही क्रॅश.

म्हणजे एक्स्टेन्शन नाही. मग ट्रबलशूटमध्ये उघडतंय आणि एरवी का उघडंना?

परभणी मोती | सोमवार, दुपारी १२.४०

ट्रबलशूट मोडमध्ये फक्त एक्स्टेन्शन बंद होत नाहीत. हार्डवेअर ॲक्सेलरेशनही बंद होतं, म्हणजे पान रंगवायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडे न देता प्रोसेसरकडून करून घेतलं जातं. डिस्प्लेचा ड्रायव्हर बिघडला असेल तर नेहमीच्या पद्धतीने उघडताना ब्राउझर कोसळतो आणि शिफ्ट धरून उघडतो. तुम्ही सांगताय ते लक्षण जुळतंय.

ट्रबलशूटमध्ये उघडा, सेटिंगमध्ये 'जनरल'च्या खाली 'परफॉर्मन्स' आहे. तिथली शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढली की खाली हार्डवेअर ॲक्सेलरेशनची खूण दिसते, तीही काढा आणि नेहमीसारखं उघडून बघा. विंडोजने शनिवारी डिस्प्लेचा ड्रायव्हर अपडेट केलाय का, तेही बघा.

कयाधू | सोमवार, दुपारी १.१५

मध्येच विचारतो, क्षमस्व. हिंगोली जिल्ह्यात शाळेवर शिक्षक आहे. आमच्या लॅबमध्ये विंडोज ७ चे दहा कॉम्प्युटर आहेत, २ जीबी रॅमचे. एका पालकांनी पेन ड्राइव्हवर नव्या ब्राउझरची कॉपी आणून दिली. ती उघडली की 'एंट्री पॉइंट सापडला नाही' असा संदेश येतो आणि बंद. दहाही कॉम्प्युटरवर हेच. कॉम्प्युटर खराब झालेत का? मुलांना शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षा दाखवायच्या आहेत.

अंबानगरी | सोमवार, दुपारी १.५०

परभणीचे दादा, हार्डवेअर ॲक्सेलरेशनची खूण काढली. तरीही क्रॅश. ड्रायव्हरची तारीख पाहिली, तो दीड वर्षापूर्वीचा आहे, शनिवारी बदललेला नाही.

आता मात्र धीर सुटायलाय. दुकानात लोक बसलेत.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २.०२

सर्व्हरच्या बाजूने काही असेल का? जानेवारी २०२२ मध्ये जगभर फायरफॉक्स एकदम चालेनासं झालं होतं, तेव्हाही सगळे आपापले कॉम्प्युटर खोलून बसले होते.

वेरूळची वाट | सोमवार, दुपारी २.४५

सगळा धागा वाचला. छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर दुरुस्तीत माझी बावीस वर्षं गेली. ताई, तुम्ही आतापर्यंत केलेलं सगळं योग्य आहे, एकही पाऊल वाया गेलेलं नाही. फक्त आता अंदाज बांधणं थांबवू आणि कॉम्प्युटर काय सांगतोय ते वाचू. बंद पडताना तो कारण लिहून ठेवतो, आपण ते उघडून बघत नाही.

आधी गोदाकाठला उत्तर. १३ जानेवारी २०२२ चा प्रकार खरा आहे. एका क्लाउड सेवेच्या बाजूला बदल झाला आणि फायरफॉक्सच्या एचटीटीपी-३ च्या, म्हणजे साइटशी बोलायच्या नव्या पद्धतीच्या, भागातला एक जुना दोष उघडा पडला. पण तेव्हा फायरफॉक्स कोसळत नव्हतं. ते उघडायचं आणि आत गोल गोल फिरत अडकायचं, एकही पान येत नव्हतं. अडकणं आणि कोसळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. अडकतं तेव्हा प्रोग्रॅम जिवंत असतो, कशाची तरी वाट बघत असतो. कोसळतं तेव्हा त्याने मनाई असलेल्या जागी हात घातलेला असतो आणि विंडोजने त्याला तिथल्या तिथे संपवलेलं असतं. ताईंचं दुसऱ्या प्रकारचं आहे. म्हणून नेट, सर्व्हर, कॅशे यांचा विचार सोडा.

आता कारण कुठे लिहिलेलं असतं ते. इतर प्रोग्रॅमसाठी मी आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि लाल खुणेच्या ओळीत क्रमांक १००० शोधायचा. तिथे 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' म्हणून एक नाव असतं, ज्या फाइलमध्ये असताना प्रोग्रॅम मेला तिचं. पण फायरफॉक्स आपला क्रॅश स्वतःच पकडतं, त्यामुळे विंडोजच्या वहीत कधी नोंद होते, कधी नाही. त्याची स्वतःची वही वेगळी आहे. ट्रबलशूट मोडमध्ये उघडा आणि पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', मग कोलन, मग 'क्रॅशेस' लिहा. तारीखवार यादी येईल. न पाठवलेल्या रिपोर्टसमोर 'सबमिट'चं बटण असतं, शनिवारचा पहिला रिपोर्ट पाठवा. थोड्या वेळाने त्यावर क्लिक केलं की एक पान उघडतं. त्यात 'सिग्नेचर' नावाची ओळ आणि 'क्रॅश रीझन' नावाची ओळ, या दोन मला जशाच्या तशा सांगा.

सिग्नेचरमध्ये ग्राफिक्स कंपनीच्या फाइलचं नाव निघालं तर परभणी मोती बरोबर. अँटीव्हायरसची फाइल निघाली तर तोही ओळखीचा गुन्हेगार आहे. हे प्रोग्रॅम ब्राउझरच्या आत आपला तुकडा घुसवून बसतात, आणि ब्राउझर बदलला की तो तुकडा बसत नाही. विंडोजच्याच 'एनटीडीएलएल' या मूळ फाइलचं नाव आलं तर त्यावरून फारसं कळत नाही, कारण शेवटी सगळेच तिथून जातात. आणि दरवेळी वेगळंच नाव निघालं, तर मी आधी रॅम तपासतो. रॅमचा एखादा कप्पा खराब असेल तर दोष रोज नव्या माणसावर जातो.

आणखी एक सांगा. लाइट गेली ते सोडून शनिवारी त्या कॉम्प्युटरवर नवीन काय जोडलं, काय टाकलं? नीट आठवून सांगा. कीबोर्ड बदलला असेल तरी सांगा.

कयाधू सर, तुमचे कॉम्प्युटर ठणठणीत आहेत. नवे ब्राउझर विंडोजकडे अशा काही सोयी मागतात ज्या विंडोज ७ मध्ये नाहीतच. 'एंट्री पॉइंट सापडला नाही' म्हणजे 'हे काम तुमच्याकडे कुणाला येत नाही का' असं विचारून ब्राउझर परत गेला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, ११० पासून विंडोज १० लागतं. तुम्ही फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची ईएसआर, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी, आवृत्ती घ्या. ती विंडोज ७ साठी मुद्दाम चालू ठेवलेली आहे आणि सुरक्षेची अपडेट तिला मिळत आली आहेत. मोझिलाच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा, पेन ड्राइव्हवरून फिरत आलेली नको. आणि कॉम्प्युटर ३२ बिटचे आहेत की ६४ बिटचे ते आधी बघा, २ जीबीचे बहुधा ३२ चेच निघतात.

अंबानगरी | सोमवार, संध्याकाळी ५.२०

सर, यादी उघडली. सतरा क्रॅश आहेत! सगळे शनिवारी सहानंतरचे. लाइट गेली होती दुपारी तीनच्या सुमारास, आणि त्यानंतर चारपर्यंत मी फायरफॉक्सवर दोन दाखल्यांचे अर्ज भरलेत. म्हणजे लाइटमुळे बिघडलं हे मी उगाच धरून बसले होते.

तीन रिपोर्ट पाठवून पाहिले. तिन्हींत सिग्नेचरला एकच नाव आहे. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, पण फाइलच्या नावाच्या शेवटी 'पी-११' असं आहे आणि पुढे डीएलएल. कारणाच्या ओळीत 'ॲक्सेस व्हायोलेशन रीड' लिहिलंय.

आणि आता आठवलं. शनिवारी साडेपाचला केजचे एक गुत्तेदार आले होते. त्यांच्या डिजिटल सहीची जुनी मुदत संपली म्हणून त्यांनी नवीन टोकन घेतलंय, वेगळ्या कंपनीचं. त्याचा ड्रायव्हर मी टाकला, पिन टाकून सही दिसतेय का पाहिलं, ते गेले. त्यानंतर फायरफॉक्स उघडलंच नाही. टोकन तर मी नेहमीच टाकते, वर्षाला दहा-बारा वेगवेगळी येतात, म्हणून ते 'नवीन' असं मला वाटलंच नाही.

मांजराकाठ | सोमवार, संध्याकाळी ५.४१

सापडलं! हे माझ्या रोजच्या व्यवहारातलं आहे, आधीच सुचायला हवं होतं.

डिजिटल सहीचं टोकन म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं कुलूप. सहीची खाजगी किल्ली त्याच्या आतच राहते, बाहेर येत नाही. ब्राउझरला सही हवी असेल तर टोकनशी बोलावं लागतं, आणि ते बोलायची एक ठरलेली भाषा आहे, पीकेसीएस-११. प्रत्येक कंपनी त्या भाषेत बोलणारा आपला दुभाषा देते. तोच हा 'पी-११' वाला डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारी फाइल. टोकनचा ड्रायव्हर टाकताना बरेच इन्स्टॉलर न विचारता हा दुभाषा फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये नोंदवतात. मग टोकन लावलेलं असो वा नसो, दर वेळी उघडताना फायरफॉक्स त्याला बोलावतं. तो दुभाषाच आजारी असेल तर फायरफॉक्स दारातच कोसळतं.

आता तुमच्या दुपारच्या प्रश्नाचं उत्तर. ट्रबलशूट मोडमध्ये फायरफॉक्स बाहेरचे दुभाषे बोलावतच नाही, म्हणून तिथे उघडतंय. आणि क्रोम विंडोजच्या स्वतःच्या सर्टिफिकेटच्या, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांच्या, कोठारातून वाचतो, त्याचा या नोंदीशी संबंध नाही, म्हणून तो पहिल्यापासून ठीक चालतोय.

अडचण एवढीच की एरवी हा दुभाषा सेटिंगमधल्या 'सिक्युरिटी डिव्हाइसेस'मधून काढता येतो, पण ट्रबलशूटमध्ये तो बोलावलेलाच नसल्यामुळे तिथल्या यादीतही दिसणार नाही. म्हणून नोंद हाताने काढावी लागेल. फायरफॉक्स पूर्ण बंद करा. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये पीकेसीएस-११ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर प्रत्येक दुभाष्याचा एक परिच्छेद दिसेल, 'लायब्ररी' आणि 'नेम' अशा ओळींचा. पहिला परिच्छेद फायरफॉक्सचा स्वतःचा असतो, त्याला धक्का लावायचा नाही. ज्या परिच्छेदात तो डीएलएल आहे तेवढा काढायचा.

वेरूळची वाट | सोमवार, संध्याकाळी ६.०३

मांजराकाठांनी नेमकं सांगितलं. एक सुचवतो. नोटपॅडमध्ये ओळी काढताना चुकायची भीती वाटत असेल तर फाइलचं फक्त नाव बदला, शेवटी 'जुनी' जोडा. उघडताना फाइल सापडली नाही की फायरफॉक्स स्वतःच्या नोंदीपुरती कोरी फाइल करून घेतं. पासवर्ड, बुकमार्क यांचा तिच्याशी संबंध नाही. जमलं नाही तर नाव पूर्ववत करायचं, काही बिघडत नाही.

आणि सगळी टोकनं आधी यूएसबीतून काढून ठेवा. तपासणी करताना कुणाच्याही टोकनची पिन अंदाजाने टाकू नका. काही वेळा चुकली की टोकन लॉक होतं आणि मुदतीच्या तोंडावर ते महागात पडतं.

अंबानगरी | सोमवार, संध्याकाळी ६.३८

उघडलं!! नाव बदललं, नेहमीसारखा डबल क्लिक केला, आणि उघडलं. पाच वेळा बंद करून उघडलं, एकदा कॉम्प्युटर रीस्टार्ट करून उघडलं. बुकमार्क, पासवर्ड सगळं जागेवर.

जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. त्यात चार दुभाष्यांची नोंद होती! त्यातल्या दोन कंपन्यांची टोकनं माझ्याकडे आता कुणीच आणत नाही.

दोन दिवस माझ्या पोटात गोळा होता. तुम्हा सगळ्यांचे उपकार.

गोदाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.१०

भारी! पण एक कळलं नाही. नोंद काढली तर आता टोकन चालणार कसं? बुधवारचं टेंडर?

मांजराकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.३२

रास्त प्रश्न. जुन्या काळी ही नोंद लागायचीच. फायरफॉक्सकडे सर्टिफिकेटचं आपलं वेगळं कोठार होतं, विंडोजच्या कोठारात ते डोकावत नव्हतं. २०२१ मध्ये ९० क्रमांकाच्या आवृत्तीपासून विंडोजच्या कोठारातली आणि हार्डवेअर टोकनमधली क्लायंट सर्टिफिकेट फायरफॉक्सला आपणहून दिसतात. टोकनचा ड्रायव्हर विंडोजला ओळख देतो, विंडोज फायरफॉक्सला देतं. त्यामुळे लॉगिनपुरतं सर्टिफिकेट दाखवायला वेगळा दुभाषा बहुतेक ठिकाणी लागत नाही. इन्स्टॉलर मात्र जुन्या सवयीने त्याला आत घालतच राहतात. कागदपत्रांवर सही करणारा भाग बऱ्याच साइटवर ब्राउझरच्या बाहेरच्या एका छोट्या प्रोग्रॅममधून चालतो, त्याला या फाइलशी काही देणंघेणं नाही.

ताई, उद्या सकाळीच टोकन लावून लॉगिन करून बघा. बुधवारची वाट बघू नका.

परभणी मोती | सोमवार, रात्री ९.१५

माझा अंदाज चुकला, पण शिकायला मिळालं. पीकेसीएस-११ नाव फक्त ऐकून होतो.

लाइटबद्दल थोडं लिहितो, कारण या वेळी ती निर्दोष निघाली तरी आपल्याकडे ती कायमच निर्दोष नसते. बुकमार्कची फाइल एसक्यूलाइट प्रकारची असते. ती लिहिताना आधी बाजूच्या फाइलमध्ये नोंद होते आणि मग मुख्य फाइलमध्ये, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी बहुतेक वेळा पुढच्या उघडण्यात ती स्वतःला सावरून घेते. हार्ड डिस्क जुनी असेल तर मात्र भरवसा नाही. तुमची डिस्क एकदा चेक डिस्कने तपासून घ्या.

आणि इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक स्विच असतो का बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' अशा दोन जागा असतात. पंखे-दिव्यांसाठी कशावरही चालतं. कॉम्प्युटर असेल तर यूपीएसवर हवं, कारण त्यात बॅटरीवर जायला लागणारा वेळ कमी असतो. आमच्याकडे विद्यापीठाच्या गेटजवळ एका झेरॉक्सवाल्यांचा कॉम्प्युटर दर वेळी बंद पडायचा, बॅटरी नवी होती आणि स्विच चुकीच्या जागी होता.

कयाधू | मंगळवार, दुपारी ४.२५

वेरूळची वाट सर, दहापैकी दहा कॉम्प्युटर ३२ बिटचेच निघाले. फायरफॉक्स ११५ ईएसआर आज शाळा सुटल्यावर सहा कॉम्प्युटरवर टाकलं, सहाही उघडले. एकावर साइट उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' येत होतं. तारीख पाहिली तर २००९ दाखवत होता. मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली होती, गावातल्या घड्याळाच्या दुकानात तशीच मिळाली, घातली आणि झालं. उरलेले चार उद्या. सराव परीक्षा शनिवारी घेतोय.

वेरूळची वाट | मंगळवार, संध्याकाळी ५.००

छान केलंत सर. तारखेचं तुम्ही स्वतः ओळखलंत, याचा विशेष आनंद वाटला. सर्टिफिकेटला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर २००९ मध्ये बसला असेल तर आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्याला अजून जन्मालाच न आलेलं वाटतं.

एक लक्षात ठेवा, विंडोज ७ ची मोझिलाकडची सोय कायमची नाही, मुदत वाढवत नेलेली आहे. आणि त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. त्या कॉम्प्युटरवर सराव परीक्षा खुशाल घ्या, पण कुणाचं बँकेचं लॉगिन करू देऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकावर हलकं लिनक्स टाकून बघा, मी फोनवर सोबत थांबेन.

अंबानगरी ताई, तुमचं विंडोज १० आहे. त्याचीही नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. तुमच्याकडे लोकांची कागदपत्रं आहेत, म्हणून तुम्ही हे शाळेपेक्षा आधी बघायला हवं. कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र आहे का ते टेंडर झाल्यावर तपासू.

अंबानगरी | बुधवार, संध्याकाळी ४.१०

मंडळी, टेंडर भरून झालं. मुदत सहाची होती, पावती तीन वाजून बावीस मिनिटांची आहे. काल सकाळी मांजराकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे आधीच लॉगिन करून पाहिलं. सर्टिफिकेट निवडायची चौकट फायरफॉक्समध्ये आपणहून आली, नोंद नसतानाही.

सेटिंगमधून ज्या दोन कंपन्यांची टोकनं आता येत नाहीत त्यांचे ड्रायव्हर काढून टाकले. ज्याच्यामुळे क्रॅश होत होतं त्याची नवी आवृत्ती कंपनीच्या साइटवर आहे, ती टाकल्यावर पुन्हा पाहिलं तर इन्स्टॉलरने परत आपली नोंद फायरफॉक्समध्ये घातलीच होती. या वेळी क्रॅश झालं नाही, पण मी सिक्युरिटी डिव्हाइसेसमध्ये जाऊन ती काढली. लॉगिन तरीही होतंय.

इन्व्हर्टरचा स्विच 'इको'वरच होता. किती वर्षं तसाच असेल कोण जाणे. बदलला.

टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवलाय, त्यावर तारीख, वेळ आणि त्या दिवशी कॉम्प्युटरवर काय टाकलं ते लिहायचं. पहिली ओळ शनिवारची लिहिली आहे. शेजारचे दुकानदार येऊन वाचून गेले. त्यांच्याकडे एक बिलिंगचा प्रोग्रॅम महिनाभर असाच बंद पडतोय म्हणाले. उद्या सकाळी त्यांच्याकडे बसून इव्हेंट व्ह्यूअर उघडणार आहे, क्रमांक १००० ची ओळ सापडली की इथे लिहिते.